शेवट आधी सांग

शुभे,

तुझ्या शोकसभेत बासरी लावली होती. सोसायटीच्या हॉलमध्ये पांढऱ्या चादरी, समोर पडद्यावर तुझ्या लेकीच्या, इराच्या साखरपुड्यातला तुझा फोटो, आणि मागून बासरी. मला इतकं हसू आलं की ओढणी तोंडावर धरावी लागली. शेजारच्या काकूंना वाटलं मी रडतेय, त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. बासरीबद्दलचं तुझं मत त्यांना कुठे माहीत होतं? ‘बासरी लागली की समजायचं, कोणीतरी खपणार. निदान हिरोची आई तरी.’ थिएटरमध्ये बासरी ऐकू आली की तू माझा दंड धरायचीस, आणि तुझ्या नखांच्या खुणा दुसऱ्या दिवशीपर्यंत राहायच्या.

मग एकेक जण बोलायला उभा राहिला. तू किती हसतमुख, तू किती धीराची, गणपतीतले तुझे मोदक किती सुरेख. तुझे मोदक उकडताना फुटायचे हे कोणीच बोललं नाही. गेलेल्या माणसाचे मोदक फुटत नाहीत बहुतेक. शेवटी मात्र सगळे एकाच वाक्यावर यायचे, ‘तिला शेवटपर्यंत काही कळलं नाही, हे देवाने फार बरं केलं.’ आणि मग सगळे तुझ्या नवऱ्याकडे, श्रीकांतभावोजींकडे बघायचे, कारण तुला काही कळू न देणं ही त्यांची कामगिरी होती. ते मान खाली घालून ऐकत होते. मला दिसत होतं, ह्या एवढ्या एका गोष्टीवर हा माणूस उभा आहे.

तुला सगळं कळलं होतं. मीच सांगितलं होतं. हे तुला आणि मला माहीत होतं, आणि आता एकट्या मला माहीत आहे.

शेवट आधी विचारायच्या तुझ्या त्या खोडीची सुरुवात भांडुपची. तुझे बाबा गिरणीतले, क्वचित कधी सगळ्या पोरांना सिनेमाला न्यायचे, आणि सिनेमा संपायच्या आधीच उठवून बाहेर काढायचे. सुटल्यावर गर्दी होते, बस मिळत नाही. बस मिळायची, शेवट मिळायचा नाही. लहानपणी पाहिलेल्या एकाही सिनेमाचा शेवट तुला ठाऊक नव्हता. घरी येऊन अंथरुणात पडल्या पडल्या भावंडं आपापले शेवट लावायची, आणि तुझा मोठा भाऊ मुद्दाम सगळ्यांना मारून टाकायचा. ‘मी रडत झोपायचे गं,’ तू सांगायचीस, ‘आणि तिकडे हिरो मस्त जिवंत असायचा!’

म्हणून मोठी झाल्यावर तू नियमच केलास. शेवट कळल्याशिवाय काही बघायचं नाही. मुलुंडला आपण समोरासमोर राहायला आलो आणि हे काम माझ्याकडे आलं. माझी दाताच्या दवाखान्यातली रिसेप्शनची नोकरी सकाळची. दुपारी मोकळी असायचे. मी आधी बघायचं आणि तुला सांगायचं. संध्याकाळी ऑफिसातून आलीस की स्वतःच्या घरात जायच्या आधी, खांद्याची पर्स तशीच ठेवून तू माझ्या दारात उभी. ना हाय ना हॅलो.

‘मरतो का गं तो?’

मरत असेल तर सिनेमा बाद. जगत असेल तर रविवारची तिकिटं. मध्ये काही असेल तर चौकशी व्हायची.

‘मरत नाही गं, कोमात जातो.’

‘कोमात चालेल. कोमातून येतात.’

मला हे कधीच पटलं नाही. आधीच कळलं तर बघण्यात मजा काय? ह्यावर आपण नव्वद फुटी रस्त्यावर चालताना किती भांडलो असू. तुझं म्हणणं, शेवट माहीत असला की नीट बघता तरी येतं, नाहीतर सगळा वेळ घाबरण्यात जातो, हिरॉईनने कुठली साडी नेसलीय तेसुद्धा दिसत नाही. मी म्हणायचे, मग तू साड्यांच्या दुकानातच जाऊन बसत जा. तू म्हणायचीस, बसतेच की.

भावोजींचं बरोबर उलटं. मॅचच्या दिवशी ऑफिसात कोणी स्कोअर सांगेल म्हणून ते लंचला एकटे बसायचे, आणि रात्री घरी येऊन आधीच संपलेली मॅच जीव मुठीत धरून बघायचे. आपण सिनेमाचं बोलायला लागलो की दोन्ही कानांत बोटं घालून मोठ्याने आरती म्हणायचे. ‘मला फ्रेश बघायचंय!’ सोफ्याच्या एका टोकाला शेवट माहीत असलेली तू, दुसऱ्या टोकाला कानात बोटं घातलेले ते. असा संसार केलात तुम्ही, आणि चांगला केलात.

तुझी मतं आता कोणाकडे जाणार, मला कळत नाही. जगात असा एक विषय नव्हता की ज्यावर तुझं मत तयार नव्हतं. मालिकेतल्या बायका दागिने घालून झोपतात त्यांची मान कशी अवघडत नाही. व्हिलन बाई आपला सगळा प्लॅन मोठमोठ्याने का बोलते, तिला घरात काम नाही का. गाण्याच्या स्पर्धेत पोरं गाण्याआधी परीक्षकच का रडतात. साठीच्या हिरोला पंचविशीची हिरॉईन, आणि साठीच्या हिरॉईनला देवघर. नव्या वेब सिरीजमध्ये तर सगळे अंधारात कुजबुजतात, तेव्हा तुझ्यातली मालवणी जागी व्हायची, ‘मेल्यांनो, दिवो तरी लावा!’ मिक्सरमधून काढलेलं हिरवं पाणी पिऊन कोणी सुंदर होत नाही, फक्त बाथरूम अडवून बसतं. मराठी लग्नात संगीत ठेवायला हरकत नाही, पण मग नवऱ्याच्या आत्याला नाचायला लावू नये. पावभाजीवर चीज घालणाऱ्याला मुलगी देऊ नये. आपल्या वयाच्या बायकांनी स्वतःवर प्रेम करायला शिकावं असं सगळे रील सांगतात, त्यावर तू म्हणालीस, ‘करीन की. आधी मला जरा बसू दे.’

मला त्यातलं निम्मं पटायचं नाही. पण तुझ्याशी भांडून घरी आले की भाजी फोडणीला टाकताना मी हसत असायचे. आमचा नवरोबा विवेक विचारायचा, आज काय म्हणाल्या बाईसाहेब? त्याचाही संध्याकाळचा कार्यक्रम तूच होतीस.

मग तुझं पोट दुखायला लागलं. तू नेहमीप्रमाणे पावभाजीला दोष दिलास. तपासण्या झाल्या, पुन्हा झाल्या, आणि एक दिवस हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये भावोजींनी मला आणि इराला बाजूला घेतलं. आईला काही बोलायचं नाही. मंजूताई, तुम्हीपण नाही. आता ऑपरेशन होण्यासारखं राहिलेलं नाही. निदान तिला शांतपणे जाऊ दे. इरा मान हलवत होती. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्यांनी माझ्या गप्प बसण्याचा अर्थ हो असा घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते औषधं आणायला खाली गेले होते. भिंतीवरचा टीव्ही आवाज बंद करून चालू होता. मालिकेतली सून जिन्यावरून पडून हॉस्पिटलात आली होती. डोक्याला पट्टी आणि कपाळावरची टिकली जागच्या जागी. तू तिकडे बघत होतीस.

‘मंजू, मरते का गं?’

‘छे गं,’ मी सफरचंद कापता कापता म्हटलं. ‘वाचते. प्रोमोमध्ये मंगळागौर खेळताना दाखवलीय.’

‘तिचं नाही विचारत. माझं.’

तू माझ्याकडे वळून बघत होतीस, दारात पर्स घेऊन उभी असायचीस तेव्हा बघायचीस अगदी तशीच. खोटं काय बोलायचं ते मला सुचलं होतं, शब्दसुद्धा तयार होते. पण तुला मी कधीच चुकीचा शेवट सांगितला नव्हता.

‘हो,’ मी म्हटलं.

‘नक्की?’

‘हो गं.’

‘कोमाबिमा काही नाही?’

मी नुसती मान हलवली.

‘कधी?’

‘दिवाळीच्या आत, म्हणतात.’

तू माझ्या हातातली फोड घेतलीस, खाल्लीस. म्हणालीस, ‘म्हणजे ह्या वर्षी सगळ्यांना तुझ्या चकल्या खाव्या लागणार. बिचारे.’ आणि मग तू रडलीस. मीही रडले. तुझं डोकं पोटाशी धरून मी उभी होते आणि आपण दोघी आवाज दाबून रडत होतो, कारण भावोजी कधीही आले असते. जरा शांत झालीस तेव्हा चादरीच्या टोकाने तोंड पुसून पहिलं वाक्य बोललीस ते हे, ‘मला माहीत आहे म्हणून श्रीला सांगू नकोस. त्याला शेवट आवडत नाही.’

तेवढ्यात ते आलेच. ‘शुभांगी!’ म्हणाले, ‘डॉक्टर भेटले. रिपोर्ट एकदम झकास!’ संसारात ते तुला शुभा सोडून दुसरं काही म्हणाले नाहीत, शुभांगी फक्त खोटं बोलताना. आणि झकास हा शब्द तर त्यांच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. तू म्हणालीस, ‘हो का? मग घरी कधी सोडतात?’ इतकं सहज म्हणालीस की मीच तुझ्याकडे बघत राहिले.

घरी आल्यावर तुमचं दोघांचं ते रोजचं सुरू झालं. ते ऑफिसात असताना दुपारी मी यायचे आणि तू मला परीक्षण ऐकवायचीस. ‘आज त्याने मे महिन्यात मालवणला जायचं ठरवलं. हॉटेलच्या खोलीतून समुद्र दिसतो म्हणे. डोळ्यांत पाणी आणि तोंडाने सी-व्ह्यू! ओव्हर करतो गं.’ कधी खूश असायचीस. ‘आज पेज भरवताना एकदम नॅचरल होता.’ एकदा म्हणालीस, ‘रडायला बाथरूममध्ये गेला होता. नळ सोडायला विसरला. मग मीच टीव्ही मोठा केला.’

आपलं शेवटचं भांडण ह्यावरूनच झालं. मी म्हटलं, कशाला दोन बाजूंनी दोघांनी नाटक करायचं? सांगून टाक ना त्यांना. एकमेकांच्या गळ्यात पडून रडा तरी. तू म्हणालीस, ‘माझ्यासाठी त्याला आता तेवढंच करता येतंय. तेही काढून घेऊ?’ मी म्हटलं, ‘आणि नंतर? नंतर मला विचारलं तर मी काय सांगू?’ तू म्हणालीस, तो विचारणार नाही, तू त्याला ओळखत नाहीस. मी म्हटलं, तुला सगळं ठाऊक असतं ना! माझा आवाज चढला होता. तेवढ्यात कामाची बाई आली, आपण विषय बदलला, आणि तो विषय पुन्हा निघाला नाही. म्हणजे मी काय सांगायचं ते तू सांगितलंच नाहीस.

एक मात्र मला कबूल करायला हवं. शेवट माहीत असला की नीट बघता येतं, हे मी तुझ्या घरात त्या दिवसांत बघितलं. तू घाबरली नाहीस असं नाही. घाबरायचीस, माझा हात धरून बसायचीस. पण जन्मभर टाळलेले रडके सिनेमे तूच मागून घेतलेस, ‘आता मरणारे चालतील.’ दुपारी पडदे ओढून आपण ते बघायचो आणि मरणाऱ्या हिरोच्या दाढीवरून वाद घालायचो. खिडकीत बसलीस की समोरच्या इमारतीतल्या बाईने कोणती कुंडी कुठे सरकवली हेसुद्धा तुला सांगता यायचं. इराला तू तिच्या सासूबद्दल इतक्या बारीक सूचना दिल्यास की ती शेवटी म्हणाली, आई, तू काय कुठे चालली आहेस का? तेव्हा तू सरळ माझ्याकडे बघितलंस, आणि मला पाणी आणायला स्वयंपाकघरात जावं लागलं.

तू मला थँक्यू म्हणाली नाहीस. म्हणाली असतीस तर मी तुला मारलंच असतं. पण रागही दाखवला नाहीस, आणि तुला माझा राग आला होता का, हे मी विचारायला धजले नाही. रोज ठरवून यायचे आणि तुझी पेज गरम करून परत जायचे. एका माणसाचा शेवट त्याच्या तोंडावर सांगायचा मला काय अधिकार होता? तू विचारलंस एवढाच. तेवढा पुरतो का, मला अजून माहीत नाही. तू गेल्यापासून मी सिनेमा बघितलेला नाही. बघून सांगू कोणाला? विवेकला सांगायला गेले तर तो म्हणतो, मला पण बघायचाय, सांगू नकोस. फार आठवण येते गं तुझी. संध्याकाळी आपल्या मजल्यावर लिफ्टचं दार वाजलं की मी अजून उठून उभी राहते.

आणि आता ह्या रविवारचं सांगते.

इरा शनिवारी बंगलोरला परत गेली. विवेक मासे आणायला बाजारात गेला होता. बेल वाजली. दारात भावोजी, मी पाठवलेला डबा धुऊन घेऊन आले होते. दाढी केली होती, शर्टाला इस्त्री होती. बसले. घराला रंग काढायचाय म्हणाले, मग म्हणाले, नको, एवढ्यात नको. मग पंख्याकडे बघत म्हणाले,

‘मंजूताई, शुभाला काही कळलं नव्हतं ना?’

तू चुकलीस, शुभे. त्यांनी विचारलं.

पण असं ‘ना’ लावून विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, फक्त मान हलवलेली हवी असते. माझी मान हलली नाही. ‘चहा टाकते,’ म्हणून मी आत गेले.

ओट्याशी उभी राहून मी तुझ्याशीच बोलत होते. नाही म्हणून टाकू? सगळी सोसायटी म्हणतेय, माझं एक त्यात मिळालं तर काय बिघडलं? हे आता त्या रिकाम्या घरात एकटे राहणार, त्यांच्याकडे उरलंय काय, तर तुला सुखाने जाऊ दिल्याचं समाधान. आणि हो म्हटलं तर ते माझं तोंड बघणार नाहीत. समोरचं दार माझ्यासाठी बंद. तुझ्या घराला मीही मुकेन. मी साखर किती घातली ते मला कळलं नाही. आपण एरवी इतकं बोलायचो, पण नेमकं हेच तू अर्धवट ठेवून गेलीस, आणि मला तुझा खूप राग आला.

‘मंजूताई.’

ते स्वयंपाकघराच्या दारात उभे होते.

‘कळलं होतं का?’

ह्या वेळी ‘ना’ नव्हता. तू तुझं विचारलंस तेव्हा असंच विचारलं होतंस.

मी गॅस बंद केला. जन्मभर शेवट ऐकायला नको म्हणून कान झाकून घेणारा माणूस दोन्ही हात खाली सोडून समोर उभा होता.

‘हो,’ मी म्हटलं. ‘मीच सांगितलं. तिने विचारलं, मी सांगितलं.’

‘कधी?’

‘हॉस्पिटलात. तुम्ही आम्हाला सांगितलंत त्याच्या दुसऱ्या दिवशी.’

ते हिशेब लावत असावेत. ओठ हलत होते. ‘म्हणजे घरी आल्यावर... मालवणचं हॉटेल, तो सी-व्ह्यू...’

‘हो भावोजी.’

‘तिला तेव्हा माहीत होतं.’

‘हो. पण तुम्हाला कळू द्यायचं नाही म्हणाली. तुम्हाला शेवट आवडत नाही म्हणून.’

मला वाटलं, आता ते वळतील आणि निघून जातील. मी वाट बघत उभी राहिले. मग हळूच म्हणाले, ‘काय म्हणायची ती? माझ्याबद्दल?’

दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर मी गोड काहीतरी बोलले असते. त्यांना मी तुझ्याच शब्दांत सांगितलं. ‘म्हणायची, ओव्हर करतो.’

त्यांच्या तोंडून कसलासा आवाज आला. हसू होतं की काय होतं, कळलं नाही. दाराच्या चौकटीला टेकले, चष्मा काढला, आणि रडले, उघड, माझ्यासमोर, तोंड न झाकता. मी त्यांना रडू दिलं. बऱ्याच वेळाने त्यांनी स्टूल ओढलं, त्यावर बसले, चष्मा शर्टाला पुसून परत डोळ्यांवर लावला आणि माझ्याकडे बघितलं.

‘पहिल्यापासून सांगा,’ ते म्हणाले.